गुरुवारची खिडकी

पैलवानबाईंच्या डाव्या भुवईवर सात टाक्यांची खूण आहे, आणि ते सातही टाके मी घातलेत. मी डॉक्टर नाही. आरोग्य केंद्रात खिडकीआड बसून औषधं देणारा माणूस; लोक मला गोळीमास्तर म्हणतात. बाई स्वतः नर्स, पण त्या दिवशी दुसरी नर्स लसीकरणाला बाहेर गेली होती. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा उगवायचे आणि तो उगवण्याचा दिवस नव्हता. बाई स्टुलावर बसल्या, आरसा समोर धरला आणि म्हणाल्या, "मास्तर, सुई सरळ आत जाऊ द्या. हात थरथरला तर हीच सुई तुमच्या कानात घालीन." चार टाके सरळ आले. पाचवा वाकडा आहे, कारण तोवर मी रडायला लागलो होतो.

हे सगळं एका शिलाईवालीपायी झालं, असं लोक म्हणतात. साफ खोटं. झालं ते माझ्यामुळे, आणि तेही मी भलं करायला गेलो म्हणून. पण ते सांगायच्या आधी बाई कोण ते सांगायला हवं.

बाईंचे वडील कुस्तीगीर. आखाड्यात हरायचे आणि घरी येऊन जिंकायचे. बाईंच्या आईचे पुढचे दोन दात त्यांनी पाडले, थोरल्या भावाला एका कानाने कायमचं बहिरं केलं. मुलीला त्यांनी एकच विद्या दिली: समोरच्याचं मनगट कुठे धरायचं आणि कोणत्या बाजूला पिळायचं. शिकवली म्हणजे काय, तिच्यावरच करून दाखवली. सतराव्या वर्षी बाई घरातून पळाल्या आणि नर्सिंगच्या वसतिगृहात शिरल्या. तिथल्या खोलीला आतून कडी होती. "त्या कडीसाठी नर्स झाले मी," असं त्या कुणालाही सांगतात. "सेवाभाव वगैरे मागाहून आला, आणि तोही रोज येतोच असं नाही."

आमचं केंद्र चार खोल्यांचं. पलीकडे दगडाची खाण आणि खडी फोडणारे क्रशर. दिवसभर पांढरी धूळ उडते. ती फाइलींवर बसते, फ्रीजवर बसते, चहावर सायीसारखी धरते. आमच्याकडे जखमा दोन तऱ्हेच्या येतात, दगडाने झालेल्या आणि माणसाने केलेल्या. दुसऱ्या तऱ्हेच्या बायकांना विचारलं तर त्या हटकून पहिली तऱ्हा सांगतात. "पडले," म्हणतात. बाई ऐकून घेतात, पट्टी बांधतात आणि मग विचारतात, "कुणावर पडलीस?" एकदा एकाने आमच्या ओसरीतच गरोदर बायकोला लाथ घातली. बाईंनी त्याला कॉलरला धरून संडासात कोंडला आणि दिवसपाळी संपल्यावर सोडला. तक्रार झाली, वरून कागद आला. बाईंनी तो कागद संडासाच्या दाराला आतून चिकटवला. आहे अजून.

तर औषधाची गोष्ट. पूर्वी एचआयव्हीसाठी रक्त आमच्याकडे तपासलं जायचं, पण औषध सुरू करायचा अधिकार फक्त डॉक्टरला, आणि तसा डॉक्टर मोठ्या दवाखान्यात, बसने आठ तासांवर. आम्ही चिठ्ठी लिहून द्यायचो. जाणारा दोन दिवसांचं काम बुडवून जायचा, तिथे "उद्या या" ऐकायचा आणि परत यायचा. बरेच जण दुसऱ्यांदा जायचेच नाहीत. एक ट्रकवाला तीनदा जाऊन आला. चौथ्यांदा निघाला तो आमच्या बाकावर जरा टेकला, आणि टेकला तो उठलाच नाही. चिठ्ठी खिशात होती, घामाने शाई पसरलेली. बाईंनी ती काढून घेतली, महिन्याच्या बैठकीला नेली आणि मोठ्या साहेबांच्या चहाच्या बशीत ठेवली. "हे तुमचं औषध, साहेब. घ्या चहाबरोबर."

त्यामुळे नियम बदलला असं मी म्हणणार नाही. नियम वरच बदलतात आणि कशाने बदलतात ते देवाला माहीत. पण दोन वर्षांनी हुकूम आला: शिकवलेल्या नर्सने स्वतः औषध सुरू करायचं, चालू ठेवायचं, अडलं तरच डॉक्टरला विचारायचं. बाई तीन आठवडे शिकून आल्या. आमचे डॉक्टर हसून म्हणाले, "माकडाच्या हाती कोलीत!" बाई म्हणाल्या, "कोलीतच हवं होतं, डॉक्टर. तुम्ही चूल कधी पेटवलीच नाहीत."

आणि त्यांनी पेटवली. खोकला आहे का विचारायच्या, छातीला नळी लावायच्या, रक्त घ्यायच्या आणि जमलं तर त्याच दिवशी पहिली गोळी समोर गिळायला लावायच्या. रोज एक, जन्मभर. कुणी महिना चुकवला की बाई क्रशरच्या फाटकात उभ्या राहून ओरडायच्या, "अरे, तुझं बीपी वाढलंय ना? चल मुकाट्याने!" खरा रोग त्यांनी कधी ओठांवर आणला नाही. निम्म्या क्रशरला बीपी आहे अशी मालकाची समजूत होती. वर्षभरात शंभरावर माणसं औषधावर आली, आणि त्यांतली उठून कामाला लागलेली पाहून मलाही चेव चढला.

इथे मी माझी अक्कल पाजळली. रांग फार लांब व्हायची. ही अशक्त माणसं तापाखोकल्यावाल्यांत दोन-दोन तास उभी राहायची. मी म्हटलं, "बाई, यांना वेगळा वार द्या. गुरुवार. बाजूची खिडकी फक्त यांच्यासाठी उघडतो. आले, घेतलं, गेले." बाईंना पटलं. मी स्वतः त्या खिडकीला हिरवा रंग दिला. पहिल्याच गुरुवारी अर्ध्या तासात सगळे मोकळे झाले, आणि मला माझाच इतका अभिमान वाटला की घरी जाऊन बायकोला तीनदा सांगितलं.

सहा महिन्यांत "गुरुवारवाला" ही शिवी झाली. खाणीत दोघांची जुंपली की एक दुसऱ्याला म्हणायचा, "जा, हिरव्या खिडकीत जा!" मी ते ऐकलं होतं. ऐकून हसलोसुद्धा होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण अवलक्षण माझं आणि हात दुसऱ्यांचे मोडले.

शिलाईवाली त्या गुरुवारांत आली. चोविशीतली, पाचवा महिना. घरी मशीनवर पोती आणि कामगारांचे कपडे शिवायची. बोटं सुईने भोसकलेली, बोलणं तुरळक. गरोदरपणाच्या तपासणीत रक्तात एचआयव्ही निघाला. बाईंनी दार लावून तिला समजावलं, "पोरी, गोळी रोज पोटात गेली तर तू जगशील आणि बाळाला हा रोग लागायची भीती नाहीशी होण्याइतकी कमी होईल. एक दिवस चुकवायचा नाही. कळलं?" तिने विचारलं, "हा आणला कुणी, सिस्टर?" बाई म्हणाल्या, "ते सांगणारं यंत्र माझ्याकडे नाही. नवऱ्याला घेऊन ये, त्यालाही तपासू."

नवरा क्रशर चालवायचा. तो आला नाही. तिनेही सांगायचा धीर केला नाही. बाळंत होईपर्यंत निभावून नेऊ असं तिचं गणित होतं, आणि चार गुरुवार ते जमलंही.

पाचव्या गुरुवारी क्रशरवरच्या एकाने तिला हिरव्या खिडकीशी पाहिलं आणि दुपारच्या डब्याच्या वेळी सगळ्यांसमोर नवऱ्याला विचारलं, "काय रे, तुझ्याकडे पण गुरुवार का?" तो डबा तसाच टाकून घरी गेला. ती मशीनवर होती. त्याने तिचे केस धरून तोंड मशीनच्या लोखंडावर आपटलं. एकदा नाही. सासू मध्ये पडली तर तिला ढकलली, ती चुलीवर पडून कोपरापर्यंत भाजली. तो पळून गेल्यावर त्या भाजलेल्या म्हातारीनेच सुनेला हातगाडीवर घातलं आणि ओढत आमच्याकडे आणलं. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. खालचा ओठ लोंबत होता. तिला बोलता येईना, पण दोन्ही हात तिने पोटावरून काढले नाहीत. बाईंनी तोंड धुतलं, रक्त थांबवलं, पोटातले ठोके ऐकले आणि तिला गाडीने मोठ्या दवाखान्यात रवाना केलं. "ठोके चालू आहेत," एवढंच त्या मला म्हणाल्या. मी त्या वेळी हिरव्या खिडकीशी उभा होतो.

पुढच्या गुरुवारी अकराच्या सुमारास तो आला. हातात खाणीतली पहार. आधी त्याने माझी खिडकी फोडली, मग बाक उलथवला. माणसं किंचाळत पळाली, एका आजीच्या पायावरून लोक गेले. आणि मी? मी टेबलाखाली, सलाइनच्या खोक्यांमागे. लपवून काय उपयोग, तिथून मला फक्त पाय दिसत होते. त्याचे बूट आणि बाईंच्या पांढऱ्या चपला.

"माझ्या बायकोला रोगी ठरवणारी कोण ती?"

"मीच. पहार खाली ठेव."

"तुझ्यामुळे गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही मला!"

"तिचं तोंड तू कुठे ठेवलंस? पहार खाली ठेव म्हणते."

पहार फिरली. बाई वाकल्या, पण टोक भुवईला लागलंच. जमिनीवर रक्ताचे थेंब टपटपले. मग बाईंच्या चपला पुढे सरकल्या, आणि मी तो आवाज ऐकला. मनगट मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो. त्यानंतरची त्याची किंकाळी मोठी होती. मी बाहेर आलो तेव्हा तो पालथा पडला होता, बाईंचा गुडघा त्याच्या पाठीत होता आणि भुवईचं रक्त त्याच्या मानेवर ठिबकत होतं. पोलीस येईपर्यंत अर्धा तास त्या तशाच बसल्या. आणि खरं सांगतो, त्यांच्या तोंडावर मला आनंद दिसला. मला तो आवडला.

पोलीस आल्यावर बाई म्हणाल्या, "थांबा." त्यांनी फळी घेतली, पट्टी घेतली आणि त्याचा हात नीट बांधला. "मोडलेलं आधी, फाटलेलं नंतर," म्हणाल्या. त्याला नेल्यावर मग माझे सात टाके.

टाके झाल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, त्याला कळलं कसं?"

मी सांगितलं. खिडकी, वार, डब्याच्या वेळचं बोलणं, सगळं. शिवी मी आधी ऐकली होती, तेही सांगितलं.

"गुरुवारची कल्पना कुणाची?"

"माझी."

"आणि मान कुणी डोलावली?" त्यांनी हातातला आरसा उचलला आणि समोरच्या भिंतीवर आपटला. मला वाटलं होतं माझ्या डोक्यावर आपटतील. "आपण दोघांनी तिच्या कपाळावर पाटी लावली, मास्तर. त्याने ती वाचली. गुरुवार आजपासून बंद."

दुसऱ्या दिवसापासून एकच रांग. ताप, खोकला, बीपी, साखर, लेकुरवाळ्या आणि ते, सगळे एका बाकावर. एकच खिडकी, सगळ्यांना सारखंच खाकी पाकीट, आणि नावाऐवजी नंबर. बीपीवाले कुरकुरले. एक निवृत्त शिक्षक तावातावाने आले, "आम्हाला त्या लोकांत का बसवता?" बाई म्हणाल्या, "त्यातलं कोण आहे ते बोट करून दाखवा, त्याला उठवते." शिक्षकांनी बाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. बोट काही उचललं नाही. शेवटी आपलाच नंबर घेऊन बसले. वेगळी रांग कुणालाही नाही, हा बाईंचा नियम झाला, आणि तो मोडायला आलेल्या प्रत्येकाचं त्यांनी डोकं खाल्लं.

शिलाईवाली परत आली ती जबड्याला तारा बांधून. दात उघडत नव्हते. गोळी जाणार कशी? बाईंनी मोठ्या दवाखान्यात फोन करून खात्री केली की ही गोळी कुटून पाण्यातून दिली तरी चालते. मग सहा आठवडे रोज सकाळी मी ती खलात कुटली आणि पाण्यात कालवली, आणि तिने ती तारांमधून नळीने ओढली. फार कडू असते. तिचे डोळे भरून यायचे, पण ती एक थेंब सोडायची नाही. मी तिची माफी मागणार होतो. रोज ठरवायचो आणि रोज नुसता पेला पुढे करायचो.

मुलगी झाली. तिला सहा आठवडे सिरप दिलं, ठरल्या ठरल्या वेळी रक्त तपासलं, आणि दीड वर्षाची झाल्यावर शेवटचं. साफ निघालं. शिलाईवालीने तो कागद तीनदा वाचला, मग घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि बाकावर बसून मोठ्याने रडली. तोवर सासूचं घर सोडून ती वेगळी राहत होती, दुसऱ्या मशीनवर आमच्या चादरी, अभ्रे तीच शिवायची. महिन्याच्या महिन्याला रांगेत बसायची, नंबर आला की पाकीट घ्यायची, पहिली गोळी तिथेच गिळायची. जबडा मात्र थंडीत आणि भीतीने धरायचा, तो धरायचाच.

नवऱ्याला अडीच वर्षांची सजा झाली. तो सुटला त्याच्या दुसऱ्या महिन्यात म्हातारी आमच्या दारात आली. तीच हातगाडी, आणि त्यात तो. हाडांवर कातडं राहिलं होतं, ओठ पांढरे पडलेले. रांगेत सातव्या नंबरला शिलाईवाली बसली होती, मुलगी मांडीवर. तिने गाडीकडे पाहिलं. मुलीला उचललं आणि पाकीट न घेताच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई तिच्या घरी गेल्या, मीही गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. दातांतून शब्द येत होते. "तो त्या बाकावर असेल तर मी येणार नाही, सिस्टर. मी ठरवून नाही म्हणत. तोंडच उघडत नाही. काल घरातली शेवटची गोळी होती, तीसुद्धा गेली नाही." मुलगी तिच्या गालाला हात लावून बघत होती. दोन दिवस झाले होते. असेच आठवडे गेले तर रोग पुन्हा डोकं वर काढेल, हे मला कळत होतं आणि तिलाही.

बाईंनी स्वतःच्या हाताने गोळी कुटून तिला दिली, आणि आम्ही केंद्रात परतलो. मी काय करायचं ते चालता चालताच ठरवलं होतं. जुन्या पद्धतीची चिठ्ठी काढली, त्यावर त्याचं नाव लिहिलं, मोठ्या दवाखान्याचं नाव लिहिलं आणि बाईंपुढे सहीला ठेवली.

"आठ तासांचा रस्ता आहे," बाई म्हणाल्या. "तो पोचणार नाही."

"नाही पोचणार. सुंठीवाचून खोकला जाईल."

"मास्तर!"

"काय मास्तर? तिचा जबडा मोडला त्याने! तुमचं डोकं फोडलं! म्हातारीला चुलीवर ढकललं! अशा माणसासाठी तिने गोळी सोडायची? मरू दे ना त्याला!" मी आयुष्यात बाईंवर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी टेबलावर मूठ आपटली आणि शाईची बाटली सांडली.

बाईंनी चिठ्ठी फाडली. घाईने नाही, चार तुकडे केले. "त्याला मारायचं असेल तर बाहेर जा, काठी घ्या आणि मारा. मी अडवणार नाही, कदाचित धरूनही ठेवीन. पण खिडकीत बसून नाही मारायचं. या खिडकीतून एकाला मारलं की उद्या दुसऱ्याला मारायला कारण सापडतं."

"मग ती?"

"बाक तिचा आहे. तो या ओसरीची पायरी चढणार नाही." त्यांनी तुकडे टोपलीत टाकले. "वेगळी रांग कुणालाही नाही, असं म्हटलं होतं मी. आता माझाच नियम मी मोडते. तो येणार नाही, मीच जाईन. रविवारी."

रविवार हा त्यांच्या सुट्टीचा एकमेव दिवस. रात्रपाळी, दिवसपाळी करून त्या दिवशी त्या झोपायच्या. पहिल्या रविवारी जाऊन त्याची थुंकी आणि रक्त तपासायला घेऊन आल्या. रक्तात एचआयव्ही निघाला, पण क्षय नव्हता, औषध सुरू करता येणार होतं. सोमवारी शिलाईवाली आली. दारात उभी राहून तिने बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. बाई म्हणाल्या, "नाही येणार. माझा शब्द." ती बसली. नंबर आला, पाकीट घेतलं, पाणी मागितलं. तोंड उघडायला तिला बराच वेळ लागला. गोळी गेली.

दुसऱ्या रविवारी मी हट्टाने बाईंबरोबर गेलो. मला त्याचा भरवसा नव्हता, आणि खरं तर माझाही नव्हता. खाणीच्या कडेला एका खोलीचं घर. कोपऱ्यात तिचं जुनं शिवणाचं मशीन होतं, त्यावर कापड टाकलेलं. म्हातारीने स्टूल पुढे केलं. तिच्या हाताची भाजलेली कातडी ताणून चकाकत होती. "दोघंही माझेच, बाई," ती म्हणाली. बाई स्टुलावर बसल्या आणि पिशवी उघडली.

तो अंथरुणावर उठून बसला. उजवं मनगट वाकडं जुळलं होतं. "मला का जगवता?" त्याने विचारलं.

"तुझ्यासाठी नाही. औषधाने तुझ्या रक्तातला रोग दबला की तो पुढे कुणाला लागत नाही. उद्या उठलास, हिंडायला लागलास, तर तुझ्या हाती जी कोणी पडेल तिला निदान हा तरी मिळू नये."

तो रडायला लागला. "चुकलो मी, सिस्टर."

"ते माझ्याकडे नको. त्यावर औषध मी ठेवत नाही. तोंड उघड."

म्हातारी घागर घेऊन पाणी आणायला बाहेर गेली. बाईंनी गोळी त्याच्या जिभेवर ठेवली, पेला दिला. त्याने गिळली. "आ कर. जीभ वर." त्यांनी वाकून नीट पाहिलं. मग म्हातारी परतल्यावर सहा गोळ्या तिच्या हातात मोजून दिल्या आणि रोज एक, संध्याकाळी, जेवणानंतर, असं दोनदा सांगितलं.

परत येताना वाटेत खडीच्या ढिगाशी बाई अचानक खाली बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरलं.

मी विचारलं, "बाई, तुम्ही त्याला माफ केलंत?"

"माफ?" त्या हसल्या, वाईट हसल्या. "मास्तर, तो गोळी गिळत होता ना, तेव्हा मी त्याच्या उशीकडे बघत होते. किती वेळ लागेल याचा हिशोब माझ्या डोक्यात पुरा झाला होता. म्हातारी बाहेर पाणी आणायला गेली होती तेव्हा. तुम्ही आडवे आला नसता."

नसतो आलो. मी तसं म्हणालो.

"ठाऊक आहे मला. म्हणून तर तुम्हाला एकट्याला इथे पाठवणार नाही." त्या पाणी प्यायल्या, त्यांनी तोंड पुसलं. "दुसऱ्या नर्सला पाठवलं आणि तिचा एखादा रविवार हुकला, तर ती चूक होईल. तो उठून बाकावर येईल, आपली शिलाईवाली उठून जाईल, आणि सगळे म्हणतील, होतं असं. माझा हुकला तर तो खून असेल, मास्तर, आणि हे मला एकटीला माहीत असेल. म्हणून माझा हुकणार नाही."

त्या उठल्या, साडीची धूळ झटकली आणि चालायला लागल्या.